झ्यामाने अर्ध्यावर सोडलेला डाव

इन्ना सेम्योनोव्ना गणकयंत्राला बुद्धिबळ शिकवायची. खरं तर काय बघू नये, तेच शिकवायची. सोव्हिएत काळातल्या मॉस्कोच्या त्या संस्थेत यंत्र एकच आणि हक्क सांगणारे छप्पन. बुद्धिबळवाल्यांना उरलासुरला वेळ मिळे. तेवढ्यात यंत्र प्रत्येक खेळी चिवडत बसलं तर झालंच! म्हणून तिने त्याला वळण लावलं: एखाद्या खेळीवर समोरच्याची एक तोड सापडली की ती खेळी बाद, बाकीच्या तोडी शोधायच्या नाहीत. "एका लाथेत माणूस पडला, तर दुसरी कशाला?" ती म्हणे.

प्रत्येक सुधारणा पारखायला ती एकच पट मांडायची. तो कुठला, हे कोणी विचारत नसे. विचारलं तर झ्यामाचं नाव निघालं असतं, आणि देश सोडून गेलेल्याचं नाव त्या इमारतीत कोणी काढत नसे. झ्यामा वर्षानुवर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. निघायच्या आदल्या दिवशी, सामान विकून ओक्याबोक्या झालेल्या त्याच्या खोलीत, दोघं ट्रंकेवर पट मांडून खेळली. तिच्याकडून तो कधीच हरला नव्हता. मध्येच बराच वेळ पट न्याहाळून म्हणाला, "इन्नोच्का, इथेच थांबू या. चहा गार होतोय."

तो जिंकत होता आणि जाता जाता आपली कीव करून गेला, असं तिला वाटे. ज्याच्यासाठी रोज जीव तुटतो, त्याने निरोपाला भीक घातली की काय, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

यंत्र दरवर्षी चपळ होत गेलं, पण त्या अर्धवट डावाच्या पटावर दरवेळी सांगे: काळ्याची, म्हणजे झ्यामाची, सरशी. मग एका दुपारी इन्नाने कपाळावर हात मारला. वेळ वाचवायच्या नादात तिनेच एक नियम घातला होता: हत्ती फुकट घालवणारी खेळी बघायचीच नाही. तिने तो काढून टाकला. वेग राखायला, आधी कामी आलेल्या खेळ्या सर्वांत पहिल्या तपासायला लावल्या.

कागद खडखडत बाहेर आला. पांढऱ्याने हत्ती द्यावा, काळ्यावर मात. पांढरे मोहरे तिचे होते.

"लबाड! हरायचं नव्हतं होय रे तुला!" ती एकटीच हसली, आणि मग तिला हुंदका आवरेना. आत्ता या क्षणी तो समोर हवा होता.

विभागप्रमुख अर्कादी पावलोविच डोकावले. "सुटला वाटतं! आता हा पट काढा बाई, नवा घ्या."

"हा माझा आणि झ्यामाचा डाव. त्याला ही खेळी दिसली होती."

नाव ऐकताच त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग कागद नीट वाचला.

"त्याला दिसणारच. पण तुम्हाला कशी नाही दिसली? हत्ती तर ढळढळीत समोर उभा आहे."

"मी पटाकडे बघतच नव्हते, अर्कादी पावलोविच."