न वाकणारी पिन

हे बायकोला सांगितलेलं नाही. दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसासमोर हे बोलायला जे लागतं, ते माझ्यात नाही. एवढ्या वर्षांत आलं नाही, आता काय येणार?

मी विमानं तोडतो. उडवत नाही, दुरुस्त करत नाही — तोडतो. एका लांबच्या शहरात, विमानतळाच्या मागच्या अंगाला आमचं आवार आहे. म्हसावदला घरी आलो की चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी विचारतंच, चांगली उडती विमानं भंगारात का काढता रे? चालतंय ना, मग चालू द्या की. आमच्याकडे चालती वस्तू कुणी टाकत नाही. जीप तोरणमाळचा घाट चढतेय तोवर ती जीपच. त्यामुळे लोकांना वाटतं, विमानवाल्यांना माज आलाय. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बिचाऱ्यांची काय चूक? माझं डोकं माझ्यावरच फिरतं, आणि ते का, हेच सांगायचंय.

विमान वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते आणि आत माणसांसाठी हवा दाबून भरलेली असते. विमानाचं अंग फुगतं. खाली उतरलं की पुन्हा बसतं. प्रत्येक फेरीला हेच. पत्र्याला त्याचा शीण येतो — डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण येतो. म्हणून विमानाचं वय वर्षांत कमी आणि उड्डाणांत जास्त मोजतात. जसजसं वय होतं तसतशी तपासणी वाढत जाते. अख्खं विमान उसवून, आत शिरून बघावं लागतं, आणि तितके दिवस ते जागेवर पडून. शेजारी नवं विमान कमी इंधनात तेवढेच प्रवासी नेत असतं. मग एक दिवस असा येतो की ते उडवण्यापेक्षा त्याचे सुटे भाग विकणं परवडतं. आमच्या आवारात विमान स्वतः उडत येतं. धडधाकट. दुसऱ्या दिवशी आम्ही इंजिनं उतरवायला घेतो.

सुटे भाग निघतात त्यातले काही दुसऱ्या विमानाला जातात. पण चाकांच्या पायातल्या काही पिना, काही बोल्ट यांचं आयुष्य ठरलेलं असतं — इतक्या वेळा जमिनीवर टेकलं की संपलं. मग ती पिन आरशासारखी चमकत असली तरी बाद. आणि बाद झालेली वस्तू नुसती फेकायची नाही. कापायची, भोकं पाडायची, कुणाच्याच कामाला येणार नाही अशी करायची. हेच माझं काम होतं. कापायचं.

एक पिन मी कापली नाही.

का? दादा मला भंगारवाला म्हणायचा. चारचौघांत, हसत. आयटीआय करून भाऊ भंगारवाला झाला, म्हणे. त्याच्याकडे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, हंगामात कारखान्याला ऊस ओढायचा, गावात मान. मला त्याला एकदा दाखवायचं होतं की मी कसल्या लोखंडाशी खेळतो. बस, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं. नाहीये.

दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडायच्या तर मध्ये पिन लागते. आमच्याकडचा ट्रॅक्टरवाला सकाळी ती उपसतो, डोळ्यांसमोर आडवी धरतो आणि बघतो — वाकली का? वाकली असेल तर बदलतो. साधं लोखंड आधी वाकतं, सांगतं, मग तुटतं. मी आणलेली पिन वाकणारी नव्हती. दादाने ती घण मारून पाहिली. ओरखडासुद्धा नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझ्याकडे कौतुकाने बघितलं, आणि तेव्हा मला किती बरं वाटलं ते आठवलं की आज मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

पण पिनेला डोकं नव्हतं. वर टोपी नसेल तर ती भोकातून खाली निसटणार. म्हणून टोपी जोडून घ्यायला आम्ही शहाद्याला रशीदचाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. त्यांचे वडीलही तिथेच बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे. अर्ध्या तालुक्याच्या नांगरांना चाचांच्या हातचा टाका. त्यांनी पिन हातात घेतली, फिरवली, नखाने वाजवली आणि दादाकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, “बेटा, हाई आपलं लोखंड नही शे. याले टाका चाली का?”

मला माहीत होतं. कामावरच्या पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं की त्या पोलादाला आच लागू द्यायची नाही. आच लागली की ते आतून ठिसूळ होतं आणि न वाकता, न सांगता तुटतं. मला माहीत होतं! पण नाही म्हटलं असतं तर पिन कुचकामी ठरली असती. दादा हसला असता. भट्टीपाशी आणखी दोघे-तिघे उभे होते.

“मारा चाचा,” मी म्हणालो. “इमाननी शे. तिले काय व्हई?”

त्यांनी मारला. मी म्हटलं म्हणून.

मी कामावर परत गेलो. दादा सुरुवातीला रोज सकाळी पिन बघायचा, मग बघायचं सोडून दिलं. जी वाकतच नाही तिला काय बघायचं? हंगाम संपत आला तेव्हा मी सुट्टीवर होतो, ट्रॅक्टरवर दादाशेजारी बसलो होतो. कालव्याच्या पुलाचा चढ. मागून कडक असा आवाज आला. टोपी उडाली, पिन निसटून रस्त्यावर पडली, आणि उसाने भरलेली मागची ट्रॉली उलटी उतारावर निघाली. मागे रायसिंग चालत होता. तोरणमाळकडचा, ऊसतोडीला आलेला. चढावर ट्रॉली थांबली तर चाकाला दगड लावायचं काम त्याचं. त्याने ते केलं. बाजूला उडी मारता आली असती, तो दगड घेऊन चाकाकडे धावला. गुडघ्याखाली पाय गेला.

रशीदचाचा दवाखान्यात आले. दादाने ती तुटलेली टोपी त्यांच्या हातात ठेवली. टाका तसाच्या तसा होता — त्याच्या खालचं पोलाद तुटलं होतं, काचेसारखं. बघणाऱ्याला एवढंच दिसलं की जिथे टाका मारला तिथे तुटलं. चाचांनाही तेच दिसलं. ते खाली बसले आणि म्हणाले, “मन्हा टाका.” दादा माझ्याकडे बघत नव्हता. कुणीच बघत नव्हतं. मला कुणी काही विचारलंही नाही, आणि मी तोंड शिवून भिंतीला टेकून उभा राहिलो.

चाचांनी दुसऱ्या दिवसापासून वेल्डिंग बंद केलं. कुणी सांगितलं नाही, बोट दाखवलं नाही. त्यांनीच मशीन विकून टाकलं. आता त्या दुकानात ते कुलपांच्या चाव्या करतात. विमानाला बाद करायला किती तपासण्या लागतात, किती सह्या लागतात. या माणसाला बाद करायला माझं गप्प बसणं पुरलं.

आणि मी तुम्हाला हे ईदनंतरचं सांगितलं नाही तर सगळं सांगणं खोटंच. दर वर्षी ईद झाली की चाचा ज्वारीचं पोतं घेऊन तोरणमाळला रायसिंगकडे जातात. यंदा त्यांना जीप मिळेना, म्हणून मी त्यांना गाडीतून नेलं. मोठा उदार! घाटात ते म्हणाले, “तू त्या कामना माणूस शे. खरं सांग, मन्हा हात खराब व्हयना व्हता का तवय?” यापेक्षा सोपं कुणी काय विचारणार? दोन शब्दांचं उत्तर होतं.

“वय व्हई जास चाचा,” मी म्हणालो. “कोनं चुकत नही?”

त्यांनी मान हलवली.

रायसिंगने खाट टाकली. काठीवर भार देऊन स्वतः चहा केला, आम्हा दोघांना दिला. चाचा दर वर्षीसारखी माफी मागायला लागले तर त्याने त्यांचे हात धरले. म्हणाला, “बस झालं चाचा. तुमच्यावर माझा राग नाय. मुद्दाम थोडंच केलं तुम्ही.” चाचा रडले. माझ्यासमोर, हातभर अंतरावर, एका माणसाने चुकीच्या माणसाला माफ केलं आणि मी कपातला चहा फुंकून पीत होतो. गोड झालाय, असंही म्हणालो.

चाचांचा टाका पक्का होता. तो तुटला नाही, पोलाद तुटलं. ती पिन मी आणली होती, आच द्यायला मी सांगितलं होतं, आणि विचारणाऱ्याला मी त्याचं वय सांगितलं.