डंकावरची राखण

आई सांगायची, एक वेळ सोनं सोनाराकडे सोडून ये, पण मिरच्या डंकावर सोडून येऊ नकोस. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं वरखाली आपटतात आणि अख्खी गल्ली शिंकते. बाईने नाकाला पदर लावून समोर बसायचं. मिरची उखळात पडल्यापासून मसाला पिशवीत भरेपर्यंत नजर हलवायची नाही, नाहीतर आपली बेडगी शेजारणीकडे आणि तिची देठं आपल्या कालवणात. बदलापूरला, बेलवलीत राहायला आले तरी मी हा नियम मोडला नाही. सोसायटीतल्या बायका हसायच्या. हसू देत. विश्वास पानिपतात गेला, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

आमच्या बचत गटाने स्वतःचा डंक टाकायचं ठरवलं, तेव्हा पहिली शंका अर्थातच मी काढली. प्रोजेक्टर घेऊन एक माणूस आला होता. पैसा गावातच फिरला पाहिजे, स्थानिक अर्थव्यवस्था सक्षम झाली पाहिजे, असं बरंच काही बोलला. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही कुठले?" तो पुण्याचा निघाला. म्हटलं, झालं! पण नंतर विचार केला, तेव्हा त्यात तथ्य वाटलं. मसाला कुटायला आम्ही सगळ्या रिक्षा करून उल्हासनगरला जायचो. इथे डंक झाला तर इथल्या एका बाईला काम मिळेल, दारात चार जणी लसूण, धणे, पापड घेऊन बसतील. शेवटी हेंद्रेपाड्यात गाळा घेतला आणि डंक आला.

डंक चालवायला सोनिवलीची एक बाई ठेवली. अंबरनाथच्या कंपनीत पॅकिंगला होती. कंपनीला टाळं लागलं आणि ही घरी बसली. शेत तर आधीच बिल्डरला गेलेलं. घर तिच्या एकटीच्या जिवावर चालायचं. बाई कामाला वाघ होती, ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं. आणखीही एक पाहिलं. प्रत्येकीचा मसाला कुटून झाला की ती ब्रशने उखळ झाडायची आणि ते झाडलेलं टेबलाखालच्या एका डब्यात टाकायची. झाकण घट्ट लावायची. माझं डोकंच भणाणलं.

"त्या डब्यात काय जमा होतंय गं?" मी सरळ विचारलं.

"उखळात चिकटलेलं, ताई. एकीचं दुसरीच्यात जायला नको."

"आणि मग त्याचं काय करतेस?"

"टाकते. तुमाला पायजे तर तुमचं तुमी घेऊन जा."

मी घेऊन गेले. घरी येऊन चाळलं, वास घेतला, दोनदा शिंकले. मिरचीचा चुरा आणि लोखंडाचा वास, दुसरं काही नाही. तरी माझं समाधान झालं नाही. आज नाही सापडलं म्हणून काय झालं?

पुढच्या वर्षी गटाच्या मीटिंगमध्ये एक सुशिक्षित बाई उठली. म्हणाली, असं डोळे लावून बसणं मागासलेपणाचं आहे, त्या बाईचा अपमान आहे. टोकन द्या. मिरच्या ठेवा, घरी जा, मसाला तयार झाला की ग्रुपवर मेसेज येईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "अहो, डोळ्यांआड झालं की डोक्यात किडे वळवळतात." सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. आम्ही बसायचो ते बाक काढून टाकले. डंकाच्या दाराला अर्धा पडदा लावला. मिरची उडू नये म्हणून, म्हणे.

आणि मग गंमत सुरू झाली. गंमत कसली, तमाशाच. एकीला मसाला फिका वाटला. दुसरीला तिखट कमी वाटलं. तिसरीला मसाल्यात कणी दिसली, ती तिची नव्हतीच. माझ्यासारखी एक संशयी होती ना आधी? आता पडद्यामागे सगळ्यांनाच दिसायला लागलं. टाळ्या वाजवणाऱ्या बायकाच पिशव्या उचलून परत उल्हासनगरला गेल्या. तिथे निदान समोर उभं तरी राहू देतात. दारातल्या लसूणवाल्या, पापडवाल्या उठून गेल्या. ऐन मार्चमध्ये डंक गप्प! गटात बोलणं सुरू झालं की यंत्र विकून टाकू. सोनिवलीच्या बाईला अजून कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला काय कळत नव्हतं?

एका दुपारी ती माझ्या दारात आली. मला वाटलं, भांडायला आली. मीही पदर खोचला.

"ताई, तुमी डंकावर येऊन बसा."

"मी? का?"

"सगळ्यात जास्त संशय तुमचा. तुमी बसलात की बाकीच्यांना पटेल." डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. "हे काम गेलं तर मला दुसरं नाय मिळायचं. कंपनीवाले या वयात घेत नाय. रोज बसा. मी काय चोरते ते बघा. पण बसा."

मला एकदम गलबलून आलं आणि त्याचाच राग आला. ही युक्ती तर नसेल? पण गेले. जाताना घरातला पाट नेला. पडदा मीच ओढून काढला आणि ऐन दारात बसले. येणारी जाणारी थांबून विचारायची, "काय, सापडलं का काही?" मी म्हणायची, "अजून नाही. बसा, दोन डोळ्यांपेक्षा चार बरे." एक बसली, तिची जाऊ बसली, मग पापडवाली आली. एकमेकींच्या मिरच्यांना नावं ठेवत, वासावरून भांडत, बायका परत जमल्या. यंत्र विकायचं बोलणं आपोआप बंद पडलं. कुणी कबूल केलं नाही, अर्थात.

सीझन संपताना तिने स्वतःच्या घरच्या मिरच्या आणल्या. वर्षाचा मसाला. अर्धं कुटून झालं आणि फोन आला, तिच्या घराकडे पाण्याचा टँकर आलाय. तिने डंक बंद केला. इकडे तिकडे पाहिलं. गाळ्यात मी एकटीच होते.

"ताई, बघता का जरा?" आणि ती पळाली.

मी उखळासमोर बसले. आयुष्यात पहिल्यांदा दुसरीच्या मसाल्याची राखण! नाकात तिखट गेलं, डोळे वाहायला लागले, तरी नजर हलवली नाही. माशी बसली तरी हाकलत होते. आईने पाहिलं असतं तर म्हणाली असती, शहाणी झालीस.

ती घामाघूम होऊन परत आली. मी अभिमानाने उठले. तिने आधी उखळात वाकून पाहिलं. मग चिमूट घेतली, तळव्यावर चोळली, हुंगली. मग टेबलाखाली हात घालून डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं. मी आ वासून उभी. अगं, माझ्यावर? मी सकाळपासून इथे बसलेय, आणि माझ्यावर?

"बरोबर आहे ना?" मी जरा कडकच विचारलं.

"हां. बरोबर हाय." पण तिची नजर माझ्या कापडी पिशवीवर अडकली होती.

"बघायचीय का पिशवी?"

"दाखवा," ती म्हणाली.

मी दाखवली.