तिनं लिहिलेलं 'नाही'

आज बुलढाण्याच्या करिअर शिबिरात सोनाळ्याची एक मुलगी वडिलांसोबत आली होती. तिला नर्सिंगला जायचंय. तिथल्या व्यक्तिमत्त्व चाचणीचा प्रोग्राम मी लिहिलेला आहे. तिचा निकाल आला: एकांतप्रिय, नर्सिंगसाठी अयोग्य.

"पाह्य, कम्प्युटरबी तेच सांगून राह्यला," वडील तिला म्हणाले आणि चहाला गेले.

अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं का, या प्रश्नाला तिनं 'नाही' लिहिलं होतं. मी कारण विचारलं.

"बाबा बाजूलेच बसले होते, ताई. 'हो' कसं लिहू?"

"मी सांगते त्यांना."

"नका सांगू. मंग कॉलेजच बंद करतील."

वडील परत आले. मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझे आभार मानून तो खिशात ठेवला.

घरी येऊन प्रोग्राम दोनदा तपासला. चूक नव्हती. तुम्ही असता तर तिच्या वडिलांशी बोलला असता का?