हनुवटी खाली

"हनुवटी खाली, हात घरी." उस्ताद हे वाक्य पाणी मागावं तसं बोलायचे. त्या संध्याकाळीही बोलले. आम्ही दोघे म्हातारे त्यांच्या अंगणात पट्ट्या धूत होतो. बॉक्सिंग शिकणारी पोरं हाताला बांधायच्या पट्ट्या घामट करून टाकून जायची, आम्ही त्या बादलीत चोळून दोरीवर घालायचो. ते पिळायचे, मी झटकायचो. रोजचंच काम. मी मान वर करून पट्टी दोरीवर टाकत होतो, तर त्यांनी दोन बोटं माझ्या हनुवटीला लावली. "पैलवान, हनुवटी खाली."

मग विचारलं, "या पोरांना वजन उचलू द्यावं का रे?"

हा प्रश्न ते मला कित्येक वर्षं विचारत होते. दर वेळी मी उत्तर टाळायचो. मी म्हटलं, "तुमचं तुम्हाला ठाऊक," आणि घरी आलो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? सांगतो. मी चौथी शिकलेला, तोंडावर बोलणारा माणूस. बायको म्हणायची, "तुमच्या जिभेला हाड न्हाई." पण एक गोष्ट मी उस्तादांना कधी सांगितली नाही.

उस्ताद लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बारदाना शिवायचे. हातात दाभण, मांडीवर फाटकं पोतं. तरुणपणी फौजेत होते, तिथं बॉक्सिंग खेळले. मी त्याच मोंढ्यात हमाल. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन चालायचो, म्हणून त्यांनी मला पैलवान नाव पाडलं. नाव कौतुकाचं नव्हतं. "तू बैल हायस," म्हणायचे, "बैलाला ठोसा मारता येत न्हाई, नुस्ता ढकलतो."

लातूर नवा जिल्हा झाला, त्याला थोडीच वर्षं झाली होती. जिल्ह्याचा स्वतःचा बॉक्सिंगचा संघ निघणार, सदुसष्ट किलोच्या गटात एकच माणूस घेणार. आणि संघातल्या माणसाला पोलीस भरतीत आधी घेतील, अशी बोलवा होती. मला ती जागा पाहिजे होती. कारण दुष्काळ पडला होता. मोंढ्यात पोतं येत नव्हतं, आणि आम्ही हमाल दिवसभर रिकाम्या काट्याखाली बसून राहायचो.

उस्ताद पहाटे मला रेणापूरच्या रस्त्यावर पळवायचे. मग दोरीवरच्या उड्या. मग शटरसमोर उभं करून हवेत ठोसे. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. दोन पोत्यांची तोंडं शिवून झाली, की एक फेरी संपली. शेवटचा टाका तोडला की ओरडायचे, "बस!" चूळ भरायला एक घोट पाणी मिळायचं, तेही थुंकायचं लिंबाच्या बुडाशी.

ठोसे मारायचं पोतं आधी भुशानं भरलेलं होतं. शेजारच्या म्हशीला चारा नाही म्हणून उस्तादांनी एक दिवस ते उसवलं, भुसा तिच्यापुढं टाकला आणि पोत्यात वाळू भरली. माझ्या बोटांची सालं निघाली. म्हणाले, "म्हैस जगंल. तुझी कातडी परत येती."

मला मात्र एकच घोर. पोतं उचलणं बंद झालं, आता जोर जाणार. मी म्हटलं, "उस्ताद, वजन उचलू का?"

"वजन वाईट न्हाई," ते म्हणाले. "फौजेत आम्हाला विलायतेतल्या पैशावर खेळणाऱ्यांचे पिक्चर दाखवायचे. तेबी उचलतात, पण मिठासारखं. हलकं घ्यायचं, झटक्यात उचलायचं, आन् लढत जवळ आली की बंद. जड वजनानं खांदा आवळतो. आवळला की हात जातो, पण घरी, हनुवटीपाशी, येत न्हाई. मग हनुवटी उघडी. तीन आठवडे राहिलेत तुझे. हात लावायचा न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी, मोंढा पेंगत असताना, मी अडतीच्या दुकानात शिरलो. काट्याची वीस-वीस किलोची लोखंडी मापं दोन हातांत घेतली आणि खांदे पेटेपर्यंत वर-खाली केली. रोज केली. अंग भरलं तसं बरं वाटायचं. एकदा बायको भाकरी घेऊन आली, तिनं बघितलं.

"उस्तादांना कबूल केलंय ना तुमी?"

"तुला काय कळतंय त्यातलं? गप बस."

तिनं भाकरी काट्यावर ठेवली आणि निघून गेली.

निवडीच्या लढतीत पहिली फेरी माझी होती. दुसऱ्या फेरीत खांद्यात शिसं ओतल्यासारखं झालं. बाहेरून उस्ताद ओरडत होते, "हात घरी! अरे, हात घरी!" हात गेला, तो तिथंच राहिला. समोरचा जळकोटचा काटकुळा गडी, हाताची नुस्ती काडी. त्याचा ठोसा कुठून आला दिसलाच नाही. डोळे उघडले तेव्हा उस्ताद माझ्या तोंडावर पाणी मारत होते, त्या दुष्काळात अख्खा तांब्या.

मोंढ्यात बोभाटा झाला. "उस्तादानं वजनाला हात लावू दिला न्हाई, पैलवानाचा जोर घालवला." मी ऐकलं. खाली मान घालून ऐकलं. पुढं किती तरी वर्षं कुणी आपलं पोर त्यांच्याकडं पाठवलं नाही.

उस्ताद मला एवढंच म्हणाले, "माझंच चुकलं, पैलवान. तुझं अंग पोत्यावर वाढलेलं. तुला थोडं वजन द्यायला पाहिजे होतं."

तिथंच बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या विद्येवरचा भरवसा हलला. पुढं पोरं परत यायला लागली, तरी नवं पोरगं आलं की माझ्याकडं बघून विचारायचे, याला वजन द्यावं का?

गेल्या वर्षी बायको गेली. खाटेवर होती तेव्हा म्हणाली, "सांगून टाका त्यांना. तोंडावर बोलणारे म्हणवता ना?" मी म्हटलं, सांगतो. पट्ट्या धुतल्या त्या संध्याकाळीही शब्द ओठापर्यंत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताना उस्तादांचा मुलगा दारात आला. "काका, अब्बा झोपेतच गेले."

मी गेलो. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मुलगा म्हणाला, "हनुवटी बांधायला पट्टी पाहिजे," आणि कपाटात फडकं शोधू लागला. मी दोरीवरची एक पट्टी काढली. रात्रीतून वाळली होती. उस्तादांच्या हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली. त्यांनीच शिकवलेली गाठ.

बाहेर मोंढ्यातले जुने हमाल बसले होते. त्यातला एक म्हणाला, "माणूस लाखाचा. फकस्त पैलवानाला बुडवलं त्यानं."

मी बाहेर आलो. "उस्तादांनी न्हाई बुडवलं," मी म्हटलं. "त्यांनी नको म्हटलं असताना मी अडतीतली मापं उचलली. चोरून. तीन आठवडे. आन् तुमी त्यांना बोल लावला तेव्हा गप बसलो."

एकानं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

मी परत आत गेलो, त्यांच्या कानाशी बसलो. कालच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

"न्हाई, उस्ताद," मी म्हटलं. "लढत जवळ आल्यावर न्हाई द्यायचं वजन. तुमचंच बरोबर होतं."