चपलांकडे पाहणारे पुण्यवान

सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका चर्चमध्ये आम्ही तरुणांनी पापाचा कायमचा बंदोबस्त केला होता. पाळकांनी शिकवलं होतं की वासनेने पाहणं हेही मनातलं पापच, म्हणून अंतःकरण जपा. आम्ही ठरवलं, बायकांच्या बाजूला बघायचंच नाही. उपासनेनंतर दारात सगळे एकमेकांना "जय ख्रिस्त" म्हणत. मी चपलांकडे बघत निसटायचो. पंचाईत एवढीच, की पेटी वाजवणाऱ्या मुलीशी मला लग्न करायचं होतं आणि तिने मला शिष्ट ठरवलं होतं. तिने पाळकांकडे तशी तक्रारही केली.

पाळकांनी मला बाजूला घेतलं. "अरे बाबा, वासनेला माणूस दिसत नाही. चपलांकडे बघणाऱ्यालाही दिसत नाही! तिच्या आईच्या गुडघ्यासाठी दर रविवारी प्रार्थना करतोस, कधी विचारपूस केलीस? मन राखायचं ते माणसाला माणूस म्हणून बघता यावं यासाठी."

पुढच्या रविवारी मी घाम पुसून मान वर केली. "जय ख्रिस्त. आईंचा गुडघा कसा आहे?"

माझी भावी बायको भर दारात ओरडली, "अगं आई, ह्याला डोळे आहेत!"