नऊ पॉइंट आठ

"नऊ पॉइंट आठ यायलाच पाहिजे." असं म्हणताना आमच्या लॅबचे मामा चष्मा कपाळावर सरकवायचे आणि टेबलावर बोट आपटायचे. गुरुत्वाकर्षणाचं मूल्य जणू त्यांनीच वरून मंजूर करून आणलं होतं.

हसू नका. तुमच्याही शाळेत असे मामा होते, आणि तुम्हीही मुकाट्यानं उतरवलंय.

औरंगपुऱ्यातली आमची शाळा. मामांच्या खणात एक नमुना जर्नल असायचं. त्यातली रीडिंगं बारावीची प्रत्येक तुकडी जशीच्या तशी उतरवायची. खरा लंबक कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मामांच्या करदोट्याला.

"मामा, लंबक द्या ना."

"कशाला? रीडिंग तयार हाय ना."

"मला स्वतः घ्यायचंय."

"खामखा वेळ घालवती. तुटला तर तपासणीला काय टांगू, तुझं डोस्कं?"

मी भौतिकशास्त्राच्या स्पर्धेची लेखी फेरी पार केली होती. प्रात्यक्षिक राहिलं होतं. वडील म्हणाले होते, "निवड झाली तर पुण्याला शिकायला पाठवतो. नाय तर इथंच." गंगापूरहून एसटीनं येता-जाता मला तेवढंच दिसायचं.

तीन आठवडे भांडल्यावर लंबक मिळाला. माझं उत्तर आलं नऊ पॉइंट सहा.

"हुकलं," मामा म्हणाले. "आगं, आधी उत्तर लिव्हायचं, मग सेकंद बसवायचे." आणि बसवून दाखवले. इतक्या सफाईनं, की मी ते शिकले. हा माझा गुन्हा, मामांच्या नावावर खपवणार नाही.

स्पर्धेत दोरीऐवजी दांडीचा लंबक होता आणि त्याची चौकट मुद्दाम तिरकी ठेवली होती. मला ते दिसत होतं. उत्तर आलं नऊ पॉइंट दोन. घाबरून मी सेकंद बसवले आणि नऊ पॉइंट आठ करून टाकलं. कमी आलेलं उत्तर आणि त्याचं कारण, गुण त्यालाच होते.

निकालाच्या दिवशी मी लॅबमध्ये जाऊन ओरडले, "तुमच्या नऊ पॉइंट आठनं माझं पुणं गेलं, मामा!"

मामांनी कपाट उघडलं. त्यांनी दाराच्या चौकटीत खिळा ठोकला, लंबक टांगला. "मोज." झोके मोजताना त्यांचेही ओठ हलत होते. तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा नऊ पॉइंट सहा.

"तीस वर्षं हाय इथं," मामा चष्मा पुसत म्हणाले. "मला कुणी मोजायला लावलंच नाय गं माय."

त्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. मी इथल्याच कॉलेजात गेले. तिथं कळलं, आम्ही नुसती दोरी मोजली होती. गोळ्याची अर्धी जाडी धरलीच नव्हती. नऊ पॉइंट सहाही चूकच होतं. पण आमचं होतं.

आता मी शाळाशाळांत पत्रकं वाटते : 'प्रयोगशाळांची कुलपं काढा.' परवा आमच्या शाळेत गेले. मामांच्या जागी नवा माणूस. बाकांवर बारावीची पोरं माना खाली घालून नमुना जर्नल उतरवत होती. त्यात मामांनी जाता जाता लाल शाईनं नऊ पॉइंट आठ खोडून नऊ पॉइंट सहा लिहिलं होतं, खाली आमचे खरे सेकंद.

अख्खा वर्ग नऊ पॉइंट सहा उतरवत होता. कपाटाला कुलूप होतं.

मामा, काय करू तुमचं?

चौकटीतल्या खिळ्यावर कुणाचीतरी छत्री टांगली होती. मी ती काढून खाली ठेवली आणि किल्ली मागितली.