साहेबांचा मुक्काम

माझी थोरली बहीण प्राण्यांची डॉक्टर आहे, पण तिच्याकडे कुणी हौसेने जात नाही. ती सीमेवरच्या तपासणी नाक्यावर असते. पलीकडून जे कुत्रं-मांजर येतं, त्याच्याबरोबर रेबीज आत शिरण्याचा धोका किती, हे तिने ठरवायचं. घरात आम्ही तिला फौजदार म्हणतो, कारण दारात आलेल्या पाहुण्यावरही तिची सरबत्ती सुरू होते. कुठून आलात, कसे आलात, वाटेत कुठे थांबलात?

"कुत्रं आपल्या पायांनी फार लांब जात नाही रे," ती म्हणते. "माणसंच त्याला मायेने मांडीवर घेऊन लांब नेतात, आणि रोगालाही."

आई गेल्यावर बाबा सीमेपलीकडचं घर सोडून तिच्याकडे कायमचे राहायला निघाले. नाक्यावर सामानाचा ट्रक थांबला तेव्हा ते ड्रायव्हरशेजारी अगदी साळसूदपणे बसले होते. फक्त पायांशी ठेवलेली घोंगडी हलत होती. घोंगडीत साहेब होते, म्हणजे बाबांचा तांबूस कुत्रा.

"लहानपणी टोचलंय त्याला," बाबा म्हणाले.

"आणि नंतर?"

"नंतर कशाला? एकदा टोचलं की झालं!"

ताईने साहेबांच्या मानेवरचे केस बाजूला केले. खाली भरत आलेली जखम होती. भटक्या कुत्र्यांशी झटापट झाली होती, हे बाबांनी आढेवेढे घेत कबूल केलं. झालं! साहेबांची रवानगी नाक्यामागच्या जाळीच्या खोलीत, तीही काही महिन्यांसाठी.

बाबा रोज तिथे जायचे. जाळीपासून दूर ओढलेल्या पिवळ्या रेघेमागे खुर्ची टाकून बसायचे.

"एकदाच हाताने भरवू दे गं."

"नाही, बाबा."

मीही वकिली केली. "अगं, ठणठणीत आहे तो. खातोय, शेपूट हलवतोय."

"हा रोग आत दबा धरून बसतो. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो."

"पण धोका असा किती?"

"थोडासाच."

"मग?"

"त्या थोड्याशा धोक्यात आपले बाबा आहेत."

बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिने वाढलेलं ताट ते मान खाली घालून संपवायचे. ती मोरीत तोंड धुवायला जायची ती बराच वेळ बाहेर यायची नाही. मला तिचा राग यायचा आणि कीवही.

मग एका सकाळी साहेब ओळख विसरले. तोंड रक्ताळेपर्यंत जाळी चावत राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर झालेल्या तपासणीत रेबीजच निघाला.

मी त्या रेघेपाशी उभा होतो. एकदा दिसू लागला की हा रोग जवळजवळ कुणालाच सोडत नाही, आणि त्याच्या व माझ्या बापाच्या मध्ये इतके दिवस फक्त माझ्या बहिणीचं 'नाही' उभं होतं. डोळ्यांना काही दिसत नसताना ती कशाच्या बळावर तग धरून राहिली? मला ते अजून कळलेलं नाही. तिच्यापुढे मला फार लहान वाटलं.

संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात आले. किती दिवसांनी तिच्याशी बोलले.

"त्याला त्रास झाला का गं?"

"आधी गुंगीचं औषध दिलं, बाबा. मग मी जाड हातमोजे घालून आत गेले. शेवटपर्यंत त्याच्या कपाळावर हात ठेवून होते." ती बाबांकडे वळली. "तुमचा म्हणून."

बाबांनी तिचा हात ओढून घेतला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.